पंपवाल्यांच्या पिकअपची मागची कॅब: नागपुरातलं एक प्रकरण

हिंगण्याकडच्या एका मोटारपंप दुरुस्तीवाल्यांची ही गाडी. पाच आसनांची डबल कॅब पिकअप, रंग पांढरा, पाटी पिवळी, पासिंग एमएच ४० चं. सबमर्सिबल मोटार बोअरमधून काढायची, दुकानात नेऊन रिवाइंड करायची, पुन्हा सोडायची, हा मालकांचा धंदा. गिऱ्हाईक बहुतेक काटोल, कळमेश्वर, सावनेर पट्ट्यातले संत्रेवाले. आंबिया बहाराला, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या संत्र्याला, फेब्रुवारीपासून मेपर्यंत पाणी द्यावंच लागतं, आणि मोटारी जळतात त्याही नेमक्या तेव्हाच. म्हणजे गाडीचा हंगाम आणि नागपूरचा उन्हाळा एकच. पुढे मालक आणि एक जुना मिस्त्री, मागे दोन पोरं, आणि पोरांच्या अंगावर, पायाशी, पाठीमागे सामान. रविवारी त्याच सीटवर घरची मंडळी, रामटेकला नाहीतर कोराडीला.

मालकांची मागणी सरळ होती. "भाऊ, मागची शीट काढूनच टाकू न, अन् तिथं लोखंडी रॅक मारू. पोट्टे बसतील कसेही."

मी हिंगणा एमआयडीसीत केबिनचं फॅब्रिकेशन बघतो. मागच्या कॅबचं काम घेऊन येणारे बहुतेक जण दोनच गोष्टी मागतात, जागा किंवा शोभा. यांना जागा हवी होती आणि गरज खरी होती. पण जागा वाढवण्याआधी कॅबमध्ये आहे काय ते बघू म्हटलं, आणि सगळं सामान दुकानासमोरच्या ओट्यावर काढायला लावलं. पुढच्या सगळ्या कामाची दिशा त्या ओट्यावर ठरली.

ओट्यावर काय निघालं

मेगर (मोटारीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र), टोंग टेस्टर (तारेला चिमटा लावून करंट मोजणारा), केबल जोडायचे किट, कॅपॅसिटरचा डबा, दोन स्टार्टर, एक अर्धवट उघडलेलं पॅनल. हे सगळं नाजूक, महाग आणि धुळीला नाजूकच. त्याचबरोबर एक टनी चेन कुप्पी (वजन उचलायची साखळीची कप्पी), पाइप धरायचे क्लॅम्प, मोठे पाइप पाने, पॉलीवाल्या वायंडिंग तारेची रिळं, जुन्या तांब्याच्या तारेची गोणी, आणि जॅक. पहिलं, नाजूक सामान कॅबमध्ये असायला हवं हे पटण्यासारखं होतं. दुसरं, लोखंडी का होतं? तर हौदातून, म्हणजे मागच्या उघड्या मालाच्या भागातून, चोरी होते म्हणून. तांबं उघड्यावर ठेवून चहा प्यायला थांबता येत नाही, हे मालकांचं म्हणणं खोटं नव्हतं.

पण हिशेब बघा. गाडी ताशी ५० किलोमीटरने जात असताना एखाद्या झाडावर किंवा उभ्या ट्रॉलीवर आदळून दशांश सेकंदात थांबली, तर मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, गुरुत्वाच्या साधारण चौदा पट होतं. दहा किलोची चेन कुप्पी त्या क्षणी १४० किलोच्या जोराने पुढे जाते, आणि पुढे असतं कुणाचं तरी डोकं. मागच्या पोराने बेल्ट लावला असला तरी मांडीजवळची कुप्पी बेल्ट मानत नाही. सीट काढून तिथे उघडं रॅक मारलं असतं तर हीच वस्तू आणखी उंच, म्हणजे थेट मानेच्या रेषेत आली असती.

म्हणून पहिला निर्णय कॅबमधलं काय बाहेर जाणार हा. वजनदार आणि लोखंडी ते सगळं हौदात, कॅबच्या पाठीला टेकवून बसवलेल्या बंद पत्र्याच्या पेटीत. पेटी हौदाच्या तळाला बोल्टने जखडलेली, बिजागऱ्या आतून, दोन कुलपं. उंची मागच्या काचेच्या खालच्या कडेपर्यंतच, नाहीतर आरशात मागचं दिसत नाही. पेटी दुकानाजवळच्या एका वेल्डरने दोन मिलिमीटर पत्र्यात केली. मालकांना आधी हे पटत नव्हतं, कारण पैसे कॅबसाठी काढले होते आणि पहिलाच खर्च हौदावर होत होता.

सीट काढायची का?

नाही. कारणं दोन, आणि पहिलं कायद्याचं. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, आसनसंख्या लिहिलेली असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. परवानगीने होणारे मोजके बदल वेगळे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या एका प्रकरणात हीच बाजू उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं आणि अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. ही मालवाहू गाडी. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंगला, म्हणजे फिटनेस तपासणीला, उभी राहते. बेंच नसलेली पाच आसनी गाडी निरीक्षकाला दिसणार नाही अशी आशा करण्यात अर्थ नाही. शिवाय अपघातात विम्याचा प्रश्न निघाला की सर्वेक्षक पहिल्यांदा बघतो तो असाच फरक.

दुसरं कारण त्या "कसेही" बसणाऱ्या पोरांचं. पिकअपच्या मागच्या बेंचला जमिनीत जिथे बोल्ट असतात, त्या जागा कारखान्यात खालून पट्टी देऊन मजबूत केलेल्या असतात. सीटबेल्टचे बोल्टही तसेच. बेंच काढून फोल्डिंग स्टूल किंवा फळी टाकली की माणूस बसतो, पण त्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. नियमाप्रमाणे मागच्या सीटवर पुढे तोंड करून बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे आणि न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. पण दंडासाठी नव्हे, वरच्या चेन कुप्पीच्या हिशेबासाठी तो हवा. चौदा पटीचा आकडा माणसालाही लागू होतो.

अर्धी बेंच कापून अर्धी ठेवायची, असा मधला मार्ग जुन्या मिस्त्रींनी सुचवला. या गाडीत गादीची चौकट सलग पाइपची आहे. मधे कापली की उरलेल्या अर्ध्याला एका बाजूला पायच नाही. नवा पाय वेल्ड करायचा तर त्या वेल्डची जबाबदारी कोण घेणार? मी घेत नाही. सीटच्या चौकटीला ग्राइंडर लावायचा नाही, हा माझ्याकडचा जुना नियम आहे आणि गिऱ्हाईक गेलं तरी चालेल इतका जुना.

बेंच खोलली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. बाजारातून घातलेल्या सीट कव्हरखाली मधला बेल्ट आणि डावीकडचं बकल पार गाडलं गेलं होतं. गाडीत बेल्ट होते, वापरायला नव्हते. उजवीकडच्या बेल्टचा खालचा बोल्टही कोणीतरी बदललेला. कितीतरी गाड्यांत सीटबेल्टचा बोल्ट ७/१६ इंची बारीक आट्यांचा असतो. मिलिमीटरमधला जवळपासचा बोल्ट दोन-चार आटे जातो, मग अडतो, आणि पान्याने दाबून बसवला की नटाचे आटे मरतात. इथे सुदैवाने आटे वाचले होते. टॅप फिरवून साफ केले, कंपनीचा बोल्ट मागवला आणि मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळला. "हाताच्या अंदाजाने" हे वाक्य या एका बोल्टसाठी वापरू नये.

सीटखालची जागा

आता जागा कुठून काढायची? बेंचच्या खाली. पुढच्या कडेला गादीखाली वीतभरापेक्षा जास्त उंची होती आणि तिथे जॅक, चिंध्या, एक फाटकी ताडपत्री आणि उन्हाने वितळलेल्या गोळ्यांचं पाकीट एवढंच राहत होतं. मधोमध जमिनीचा उंचवटा, त्यामुळे एक लांब खण शक्य नव्हता. दोन झाले: एक डाव्या दारातून बाहेर सरकणारा, एक उजव्या. डबल कॅबचा हा फायदा लोक विसरतात. मागच्या दाराकडून खण बाहेर ओढला की उभ्या उभ्या सामान दिसतं, सीट उचलावी लागत नाही, आत बसलेल्याला उठवावं लागत नाही.

दाराच्या उंबऱ्याचा पत्रा जमिनीपेक्षा वर आलेला असतो. खण जमिनीवर ठेवला तर तो बाहेर येणारच नाही. म्हणून २५ मिमी चौरस पाइपची हलकी चौकट करून खण उंबऱ्याच्या वर उचलला. त्याने दुसराही फायदा झाला: खाली हवा खेळते. पावसाळ्यात चिखलाचे पाय आत येतात, चटईखाली पाणी साचतं, आणि चटईवर थेट पेटी असेल तर दोन पावसाळ्यांत जमिनीचा पत्रा गंजतो. जमिनीतली रबरी बुचं सिलिकॉनने कायमची बंद करायला मिस्त्री तयारच होता. तसं करू दिलं नाही. आत पाणी गेलंच तर ती काढूनच ते बाहेर निघतं.

चौकट कशाला जखडायची? सीटच्या पायांना नाही. अपघातात त्या पायांवर माणसांचा भार येणार असतो, त्यात खणांचा घालायचा नाही. गाडी रॅम्पवर घेऊन खालून ब्रेकच्या नळ्या, डिझेलची नळी, वायरिंग कुठून जातं ते खडूने आखलं आणि मगच जमिनीत भोकं पाडली, प्रत्येक चौकटीला चार. खालून ५० मिमी चौरस, तीन मिमी जाडीच्या पट्ट्या, आठ मिमीचे बोल्ट, भोकाच्या कडांना प्रायमर आणि रंग. रंग विसरला तर गंज तिथूनच सुरू होतो. चौकट चार बोल्टची, म्हणजे पासिंगच्या दिवशी कोणी हरकत घेतलीच तर तासाभरात बाहेर.

खणांसाठी मालकांच्या मनात एमडीएफ होतं, स्वस्त म्हणून. नागपूरच्या पावसाळ्यात एमडीएफ फुगतं, हे सांगायला माझी गरज नाही. १२ मिमीचं मरीन प्लाय घेतलं, आयएस ७१० छाप असलेलं. एका चौरस मीटरला साधारण आठ किलो वजन पडतं, त्यामुळे बाजू सहा मिमीच्या ठेवल्या. जाहिरातीच्या पाट्यांचा एसीपी (दोन अॅल्युमिनियम पत्र्यांमधे प्लॅस्टिक) हलका पडतो म्हणून कोणी सुचवतं, पण त्याची कापलेली कड ब्लेडसारखी असते आणि मधलं प्लॅस्टिक पेटतं. माणसांच्या पायाजवळ तो नकोच.

सरकायला फर्निचरचे टेलिस्कोपिक चॅनल, जोडीला ४५ किलो पेलणारे. यात एक फरक महत्त्वाचा. साधा चॅनल घरातल्या कपाटाला चालतो, गाडीत वळणावर खण आपोआप दाराकडे धावतो. आत आणि बाहेर दोन्ही टोकांना अडकणारा, खटका दाबल्याशिवाय न सुटणारा प्रकार मिळतो. तो थोडा महाग आहे आणि इतवारीत पहिल्या दुकानात मिळेलच असं नाही. त्याच्यावर आणखी एक ओढकडी लावली. आत खणांना फोममध्ये कापलेले साचे: मेगरचा एक, टेस्टरचा एक, कॅपॅसिटर उभे. पॅनल आणि स्टार्टरलाही खणांतच जागा. जॅकला त्याची मूळ जागा परत मिळाली.

ऊन

ही बाजू मालकांनी मागितलीच नव्हती. पण पोरांना विचारलं तर ते जागेबद्दल बोललेच नाहीत. "दुपारी पाठ भाजते," एवढंच म्हणाले.

मागच्या कॅबला एसीचं तोंड नाही. या वजनगटाच्या गाड्यांना सक्तीही नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली ती साडेतीन टनांच्या वरच्या गटांसाठी, पिकअप त्याच्या खाली राहतात. म्हणजे मागे बसणाऱ्याने पुढच्या दोघांच्या खांद्यांमधून येईल तेवढ्या गार हवेवर भागवायचं. आणि नागपुरात नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, काय असतो ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. २०२४ च्या मेअखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आमच्याकडे त्या आकड्यावर लोकांचा पटकन विश्वास बसला, यातच सगळं आलं.

पाठ भाजण्याचं कारण छत असेल असं सगळ्यांना वाटतं. इथे छत होतंच, पण जास्त दोषी मागची भिंत होती. बेंचच्या पाठीमागे उघडा पत्रा, त्यावर पातळ पुठ्ठ्यासारखं अस्तर, आणि वर काच. काटोल नागपूरच्या वायव्येला. संध्याकाळी काम आटोपून परत येताना सूर्य गाडीच्या पाठीशी असतो आणि घरी पोचेपर्यंत मागची भिंत व काच तापत राहतात. सकाळी जातानाही तेच, फक्त तेव्हा ऊन कोवळं. हा रस्ता रोजचा असेल तर छतापेक्षा भिंतीवर पैसे घालणं शहाणपणाचं.

आधी कोणीतरी छताच्या अस्तरावर चंदेरी बुडबुड्यांचा कागद चिकटवला होता. चंदेरी पृष्ठभाग उष्णतेचे किरण परतवतो हे खरं, पण त्याच्या समोर हवेची फट असेल तरच. पत्र्याला आणि अस्तराला दोन्हीकडून चिकटवला की तो नुसता धातूचा पातळ थर उरतो आणि उष्णता त्यातून सरळ आत येते. तो काढला. काढताना निम्मा डिंक पातळ होऊन हाताला लागत होता.

मग थर असे झाले. पत्र्यावर ब्यूटिलचे, म्हणजे चिकट रबराच्या मॅटचे, दोन मिमीचे तुकडे, तेही पूर्ण पत्रा झाकून नाही. या थराचं काम पत्र्याचा कंप मारणं. मोठ्या सपाट पत्र्याच्या मध्यावर पाव ते तिसरा भाग झाकला तरी आवाजात फरक पडतो. संपूर्ण झाकणं म्हणजे वजन आणि पैसे वाया. स्वस्त डांबरी मॅट बाजारात मुबलक आहे, पण मे महिन्यात ती वास मारते आणि छतावरून सुटून अस्तरावर बसते. नागपुरात ती छताला लावूच नये. ब्यूटिलवर दहा मिमीची नायट्राइल रबरची शीट, एसीच्या नळ्यांवर लावतात तीच, बंद पेशींची. साधा स्पंज लावला असता तर तो पाणी धरून बसला असता. उष्णतेचं गणित सोपं आहे: पत्रा ७० अंश आणि कॅब ४० असली तरी या थरातून दर चौरस मीटरला फार तर शंभर वॅटच आत येऊ शकतात. बाहेर भर दुपारी तेवढ्याच जागेवर हजार वॅटच्या आसपास ऊन पडत असतं. शीट घेण्याआधी तिचा तुकडा दुकानाबाहेर काडी लावून पाहिला. काडी काढली की विझायला हवा. गाडीच्या आतल्या कापडा-फोमसाठी आगीबाबत आयएस १५०६१ हे मानक आहे. आपल्या दुकानात त्याची चाचणी होत नाही, पण काडी सगळ्यांकडे असते.

मागच्या भिंतीवर दोन जागा मात्र मुद्दाम उघड्या ठेवल्या. पिकअपच्या कॅबच्या पाठीत, बेंचच्या मागे, रबरी पाकळ्यांच्या छोट्या झडपा असतात. दार लावताना आतली हवा तिथून बाहेर जाते, आणि एसी-ब्लोअरची हवाही. काम करणारे मिस्त्री त्यांना भोक समजून मॅटने बुजवतात. मग दार आपटल्याशिवाय लागत नाही, पावसात काचांवर वाफ धरते आणि गार हवा मागे येतच नाही, कारण तिला बाहेर जायला वाट नसते. या गाडीच्या झडपांचं रबर कडक होऊन उघडंच राहिलं होतं. शेतरस्त्याची काळ्या मातीची धूळ आत यायची ती तिथूनच. झडपा बदलल्या. या सगळ्या कामातला हा सर्वांत स्वस्त भाग, आणि मेगरचा डबा पुसायची वेळ त्यानेच कमी केली.

काचेला फिल्म लावा, असा आग्रह मालकांनी दोनदा केला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यायला हवा. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरून चिकटवलेल्या काळ्या फिल्मवर बंदी घातली. त्यावर नंतर नियमांत आणि न्यायालयांत बरंच घडलंय, पण चौकातला हवालदार अजूनही आधी फिल्मच बघतो. मालवाहू गाडीने ती डोकेदुखी ओढवून घेऊ नये. त्याऐवजी मागच्या काचेबाहेर हौदाच्या बाजूला तिरप्या पट्ट्यांची जाळी बसवली. पाइप सरकून काच फुटू नये म्हणून ती हवीच होती. पट्ट्यांना उतार दिल्याने वरचं ऊनही थोडं अडतं आणि आरशातून मागचं दिसत राहतं. संध्याकाळचं सपाट ऊन ती अडवत नाही. ते कशाने अडणार, सूर्य समोरासमोर असतो.

गादी

बेंचची पाठ जवळजवळ उभी होती. पाठ मागे झुकवायला जागा नव्हती आणि चौकटीला हात लावायचा नव्हता, म्हणून कलणारा भाग गादीतून काढला. गादीच्या पुढच्या कडेला फोमची पाचर, कडेजवळ साडेतीन-चार सेंटीमीटर आणि मागे शून्यावर येणारी. मांडीला आधार मिळाला की माणूस आपोआप मागे टेकतो. सीटकामाचे मोमिनपुऱ्यातले चाचा म्हणाले, लोक पाठीत फोम भरायला सांगतात आणि त्याने माणूस आणखी पुढे ढकलला जातो. ते बरोबर होते.

फोम चाळीस डेन्सिटीचा. बत्तीसचा हाताला मऊ लागतो आणि गिऱ्हाईकाला दुकानात तोच आवडतो; खराब रस्त्यावर तो लवकर बसतो. कापडावर मात्र वाद झाला. मालकांना सगळं रेक्झिन हवं होतं, ग्रीसचे हात पुसता येतात म्हणून. उन्हात उभ्या गाडीतलं रेक्झिन उघड्या दंडाला लागलं की काय होतं, ते पुढे बसणाऱ्याला ठाऊक नसतं. शेवटी बसायच्या आणि टेकायच्या मधल्या भागाला जाड कापड, कडा आणि पुढच्या पट्टीला रेक्झिन असं ठरलं. कव्हर सुटं नाही, गादीलाच शिवलेलं, आणि तिन्ही बकलांना फटी ठेवून त्या कडांना दुहेरी शिवण. बकल बाहेर दिसतं, हाताला लागतं.

पंखा आणि दिवा

मागे एक बारा व्होल्टचा पंखा, दोन एलईडी पट्ट्या आणि मोबाइलसाठी चार्जिंग. एवढंच. पंखा छताखाली पुढच्या दोन सीटांच्या मधे, मागे तोंड करून. पुढची गार हवा उचलून मागे फेकणं एवढंच त्याचं काम.

वायर टेललाइटच्या लाइनवरून घेणं सोपं होतं आणि म्हणूनच घेतलं नाही. बॅटरीपासून स्वतंत्र लाइन, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, पुढे रिले, चावी बंद केली की सगळं बंद. तारेची जाडी घासाघीस करायची जागा नाही. अडीच चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेला जाऊन-येऊन दहा मीटर लांबी आणि दहा अँपिअर धरले तर जवळजवळ पाऊण व्होल्ट तारेतच जातात. चार चौरस मिमी घेतली तर ते अर्ध्या व्होल्टच्या आत येतं. मालक स्वतः तारांच्या धंद्यातले. इथे मला काही समजवावं लागलं नाही, उलट फायरवॉलच्या (इंजिन आणि कॅबमधल्या पत्र्याच्या) भोकाला रबरी ग्रोमेट नीट बसलं नाही म्हणून त्यांनीच ते परत काढायला लावलं. पंखा आला म्हटल्यावर त्यांना इन्व्हर्टर घालून मागे सोल्डरिंग करायचं सुचलं होतं. बंद कॅबमध्ये, फोम आणि कापडाच्या मधे, सोल्डरिंग? ते दुकानातच.

छताचं अस्तर परत बसवण्याआधी गाडीच्या कडेच्या खांबांवर एअरबॅगची खूण आहे का ते पाहिलं. या गाडीत पडदा एअरबॅग, म्हणजे छताच्या कडेतून बाजूच्या काचेवर उघडणारी, नाही. टोयोटा हायलक्ससारख्या महाग पिकअपमध्ये ती असते, आणि तिथे छताच्या कडेला क्लिप, फोम किंवा दिवा लावणं म्हणजे ती उघडण्याची वाट अडवणं.

उन्हाळ्यानंतर

खर्च मालकांनी ठरवलेल्यापेक्षा वर गेला, आणि त्यातला मोठा वाटा हौदातल्या पेटीचा. तरी सीट काढून रॅक मारण्याच्या तुलनेत महाग पडलं का, यावर आमचं एकमत नाही. ते म्हणतात पडलं. मी म्हणतो, सीट काढून परत बसवायचा खर्च त्यात धरा.

मे महिन्यात पोरं मागे बसून काटोलला जात राहिली. पाठ भाजण्याची तक्रार गेली. गरम होतं, पण ते सगळ्यांनाच होतं. गाडी उन्हात तासभर उभी राहिली की आत तेवढीच तापते, इन्सुलेशनने ते थांबत नाही, फक्त एसी लावल्यावर गार व्हायला वेळ कमी लागतो. हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं झालं. एका पोराने बेल्ट लावायला सुरुवात केली, दुसरा अजून फक्त वाडी नाक्याजवळ लावतो.

डावा खण रोज वापरात आहे, उजवा कमी, कारण शेताच्या धुऱ्याला लावून गाडी उभी केली की उजवं दार पूर्ण उघडत नाही. म्हणून मेगर आणि टेस्टर मालकांनी स्वतःच डावीकडे हलवले आणि स्टार्टर उजवीकडे ठेवले. डाव्या खणाखालची फेल्टची पट्टी मात्र उमरेड रस्त्याच्या खडखडाटात झिजली आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला तिथे नायलॉनची पट्टी बसवायची ठरली आहे.